लेखणी ज्याची त्याची

पत्र लिहिणे आणि पत्र पोचविणे ही दोन निराळी कामे आहेत, आणि ती दोन निराळ्या हातांनी व्हावीत, हे आपल्या समाजाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मराठेशाहीत मजकूर चिटणिसाच्या बोरूतून उतरे आणि जासूद तो घेऊन मजल दरमजल करीत जाई. चिटणिसाने बोरू कसा तासावा, शाई किती दाट ठेवावी, हे ठरविण्याचा अधिकार जासुदाने कधी मागितला नाही. पुढे पोस्टाची तांबडी पेटी आली. तिनेही आत पडणारे पत्र टाकाने लिहिले की शिसपेन्सिलीने, मोडीत की बाळबोधीत, याची चौकशी केली नाही. पत्ता वाचता येईल इतका स्वच्छ असावा, एवढीच तिची अट.

संगणकावरून जाणाऱ्या पत्राची गोष्ट थोडी निराळी आहे. आज बहुसंख्य लोक ज्या कंपनीकडून टपाल घेतात तिनेच दिलेल्या चौकटीत पत्रही लिहितात. पेटी तिची, कागद तिचा आणि लेखणीही तिचीच. परंतु ही स्थिती आरंभापासून नव्हती. ई-मेलच्या पहिल्या तीन दशकांत लेखणी आणि टपाल यांचा संबंध कसा असावा, याचा विचार अनेक बुद्धिमान माणसांनी केला आणि त्याचे उत्तर एका साध्या, आठ-दहा ओळींच्या फाईलमध्ये साठविले. त्या फाईलचा इतिहास हा वरवर पाहता यंत्रज्ञांचा घरगुती विषय वाटेल. पण स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या लिपीत, स्वतःच्या सवयीने लिहिण्याचा हक्क माणसाला कसा मिळतो आणि कसा निसटतो, हे त्या इतिहासात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कोठे दिसत असेल.

या कथेचे रंगस्थळ म्हणजे टर्मिनल. मोठा संगणक एका खोलीत असे, आणि त्याच्याशी तारेने जोडलेला कळफलक दुसरीकडे असे. त्याला प्रथम कागदाची गुंडाळी व पुढे काचेचा पडदा असे. त्यावर चित्रे नव्हती, केवळ अक्षरे उमटत. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्यासंस्थेत सीटीएसएस नावाची व्यवस्था होती. तिच्या योगे अनेक माणसे एकच संगणक वाटून घेत. १९६५ साली टॉम व्हॅन व्हलेक आणि नोएल मॉरिस या दोघांनी तेथे 'मेल' नावाची आज्ञा रचली. एकाने लिहिलेला निरोप दुसऱ्याच्या नावे ठेवलेल्या फाईलमध्ये जाऊन पडावा, एवढेच तिचे काम. यंत्र एकच असल्याने हे पत्र घरातल्या घरात चिठ्ठी ठेवण्यासारखे होते.

गावाबाहेर पत्र जाऊ लागले ते १९७१ साली. केंब्रिज येथील बीबीएन या कंपनीत रे टॉमलिन्सन यांनी दोन जुने प्रोग्राम एकत्र केले. एक निरोप लिहिणारा, दुसरा एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर फाईल नेणारा. दोन्ही यंत्रे एकाच खोलीत शेजारी शेजारी उभी होती, परंतु त्यांच्यातील वाट मात्र आर्पानेट या नव्या जाळ्यातून जात होती. माणसाचे नाव आणि यंत्राचे नाव वेगळे ओळखता यावे म्हणून त्यांनी कळफलकावरील @ हे चिन्ह निवडले. माणसाच्या नावात हे चिन्ह सहसा येत नाही, हे त्यामागचे कारण. पहिल्या पत्रात काय लिहिले होते हे स्वतः टॉमलिन्सन यांनाही पुढे आठवेना. जगाच्या व्यवहारात उलथापालथ करणाऱ्या पुष्कळ गोष्टींचा आरंभ असाच बिनमहत्त्वाचा असतो.

पत्रे जाऊ लागली, तशी ती साठूही लागली. आलेले सारे टपाल एका लांबलचक फाईलमध्ये एकामागून एक जोडले जाई आणि वाचायचे तर ते मुळापासून शेवटापर्यंत छापून घ्यावे लागे. १९७२ साली लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी 'आरडी' हा प्रोग्राम लिहून पत्रांची यादी दाखविणे, हवे ते उघडणे, नको ते पुसणे या सोयी केल्या. येथे एक लक्षणीय गोष्ट घडली. रॉबर्ट्स यांनी हा प्रोग्राम कोरा लिहिला नाही. टेको नावाचा मजकूर सुधारण्याचा एक एडिटर तेव्हा प्रचारात होता. त्याच्याच आज्ञा गुंफून त्यांनी टपालवाचक तयार केला. म्हणजे टपाल वाचण्याचे हे आद्य साधन एका लेखणीच्या पोटी जन्मले. १९७५ साली जॉन व्हिट्टल यांनी 'एमएसजी' या प्रोग्राममध्ये 'उत्तर' ही आज्ञा घातली आणि पत्रोत्तराचा पत्ता आपोआप भरला जाऊ लागला. आज ज्याला पत्रव्यवहार म्हणतात त्याचा सांगाडा येथे पुरा झाला.

आता लेखणीकडे वळू. न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन यांनी युनिक्सबरोबर 'एड' हा एडिटर लिहिला. तो अत्यंत मितभाषी होता. आज्ञा चुकली तर तो केवळ एक प्रश्नचिन्ह छापी आणि गप्प बसे. नवख्याला हा उर्मटपणा वाटे. पण त्या काळच्या टेलिटाईप यंत्राचा वेग सेकंदाला दहा अक्षरे एवढाच होता. दोन हजार अक्षरांचे एक पान छापून पाहण्यास तीन मिनिटांहून अधिक वेळ लागे. अशा यंत्रावर बडबड करणारा एडिटर कोणाला परवडला असता?

कागदाच्या गुंडाळीची जागा काचेच्या पडद्याने घेतली, तेव्हा मजकूर डोळ्यांसमोर ठेवून त्यात फिरावे ही इच्छा स्वाभाविकच बळावली. लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजातील जॉर्ज कूलूरिस यांनी १९७६ साली 'एड'ला सौम्य रूप देऊन 'एम' तयार केला. 'मर्त्य मानवांचा एडिटर' असा त्या नावाचा विनोदी अर्थ लावीत. तो पाहून कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठाचे विद्यार्थी बिल जॉय यांना स्फूर्ती मिळाली, आणि त्यातून 'व्हीआय' हा एडिटर घडला. जॉय यांच्यापाशी एडीएम-३ए जातीचे टर्मिनल होते. त्यावर दिशा दाखविणारे बाण एच्, जे, के व एल् या अक्षरांच्या कळांवर कोरलेले होते. म्हणून त्याच अक्षरांनी पडद्यावर फिरण्याची सोय त्यांनी केली. ते टर्मिनल केव्हाच अडगळीत गेले, तरी आजही लक्षावधी बोटे त्याच चार कळांवरून फिरतात. टेलिफोनच्या तारेतून जॉय यांना सेकंदाला सुमारे तीस अक्षरेच मिळत. ऐंशी अक्षरांच्या चोवीस ओळींचा पडदा पुन्हा रंगवायचा तर एक मिनिटाहून अधिक काळ जाई. थोड्या कळांत पुष्कळ काम, हा व्हीआयचा बाणा या दारिद्र्यातून आला.

त्याच १९७६ साली मॅसॅच्युसेट्समध्ये रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील यांनी टेकोच्याच आज्ञा जुळवून 'ईमॅक्स' उभारला. व्हीआयचा स्वभाव एकभुक्त ब्रह्मचाऱ्यासारखा, तर ईमॅक्सचा एकत्र कुटुंबासारखा. त्याच्या घरात मजकूर, टपाल, दिनदर्शिका, सारे एका छपराखाली नांदू शकते. शिवाय ईमॅक्सची जुळणी ही नुसती पसंतीची यादी नसून एका संपूर्ण भाषेत लिहिलेला प्रोग्राम असते. या दोन एडिटरांच्या उपासकांत जो वाद सुरू झाला तो अद्याप मिटलेला नाही. शैव आणि वैष्णव यांच्या जुन्या वादांची आठवण व्हावी, इतका तो सौम्य आणि तितकाच अखंड आहे.

वाद असा होता म्हणूनच टपालाच्या प्रोग्रामला एक निर्णय घ्यावा लागला. १९७८ साली बर्कले येथे कर्ट शोन्स यांनी युनिक्ससाठी नवा 'मेल' प्रोग्राम लिहिला. पत्र लिहिणाऱ्यावर एखादा एडिटर लादावा, की ज्याने त्याने आपला आणावा? शोन्स यांनी दुसरा मार्ग धरला. वापरणाऱ्याने आपल्या घरच्या फोल्डरमध्ये 'मेलआरसी' नावाची एक छोटी फाईल ठेवावी आणि आपली पसंती तीत लिहावी. त्यात दोन नावे असत, 'एडिटर' आणि 'व्हिज्युअल'. एकाच गोष्टीला दोन नावे कशाला, असे आजच्या वाचकाला वाटेल. उत्तर इतिहासात आहे. माणूस कधी कागदी गुंडाळीच्या यंत्रापुढे बसे, कधी पडद्याच्या. पहिल्यासाठी एका वेळी एक ओळ दाखविणारा एडिटर हवा, दुसऱ्यासाठी पूर्ण पडदा वापरणारा. कागदी यंत्रे संग्रहालयात गेली, तरी ही दोन नावे आजच्या संगणकांतही शेजारी शेजारी उभी आहेत.

या फाईलच्या नावातही जुना काळ दडला आहे. 'आरसी' ही दोन अक्षरे ज्या सीटीएसएसवर पहिली चिठ्ठी टाकली गेली, तेथील 'रनकॉम' या शब्दाचा अवशेष आहेत. आज्ञांची मालिका एका फाईलमध्ये लिहून ती चालविण्याच्या सोयीला तेथे हे नाव होते. अशा फाईलच्या नावाआधी एक टिंब असते आणि त्या टिंबामुळे ती नेहमीच्या यादीत दिसत नाही. ही युक्ती कोणी योजलेली नव्हती. बेल प्रयोगशाळेतील रॉब पाईक यांनी सांगितल्याप्रमाणे, 'हे फोल्डर' आणि 'वरचे फोल्डर' या दोन टिंबांच्या खुणा यादीतून वगळण्यासाठी लिहिलेली सूचना थोडी घाईची होती, आणि तीत टिंबाने सुरू होणारी प्रत्येकच फाईल वगळली गेली. चूक झाली, ती सोयीची ठरली आणि रूढी बनली. मराठी कानाला मात्र 'आरसी' हा शब्द परका वाटू नये. या फाईलमध्ये वापरणाऱ्याचेच प्रतिबिंब दिसते.

टपाल आणि लेखणी यांच्यातील देवघेव किती साधी आहे, हे पाहण्यासारखे आहे. पत्र लिहायचे म्हणताच टपालाचा प्रोग्राम एक तात्पुरती फाईल निर्माण करतो. ज्याला उत्तर द्यायचे त्याचा मजकूर तीत प्रत्येक ओळीआधी > ही खूण लावून घालतो. मग जुळणीच्या फाईलमध्ये नाव असलेल्या एडिटरला हाक मारतो, फाईल त्याच्या हाती देतो आणि स्वतः थांबून राहतो. लेखक निवांतपणे लिहितो, खोडतो, पुन्हा लिहितो. तो एडिटरमधून बाहेर पडला की टपालाचा प्रोग्राम जागा होतो, फाईल वाचतो आणि विचारतो, पाठवू काय? एडिटरला टपालाचे ज्ञान लागत नाही, टपालाला एडिटरची भाषा कळावी लागत नाही. दोघांमध्ये करार एकच, साध्या अक्षरांची एक फाईल. हा करार इतका अल्प आहे म्हणूनच तो जवळपास अर्धशतक टिकला.

अर्थात सर्वांना हे मानवले असे नाही. विद्यापीठातील सारेच काही यंत्रज्ञ नसतात. कचेरीतील कारकून आणि भाषेचे प्राध्यापक यांनाही पत्रे लिहावयाची असतात. १९८६ साली डेव्ह टेलर यांनी 'एल्म' लिहून टपाल पूर्ण पडद्यावर यादीच्या रूपाने मांडले. १९८९ साली सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात 'पाईन'चे काम सुरू झाले. पाईनने पडद्याच्या तळाशी दोन ओळींत आज्ञांची यादी कायम दाखविली आणि स्वतःचा 'पिको' हा सोपा एडिटर बरोबर दिला. जुळणीसाठी फाईल उघडण्याचीही गरज नाही. पडद्यावरील यादीतून निवड केली की पाईन ती फाईल स्वतः लिहून ठेवी. ज्याला दुसराच एडिटर हवा त्याला तो नेमण्याची वाट मात्र पाईननेही मोकळी ठेवली होती. सुलभता आणि स्वातंत्र्य यांत विरोध असलाच पाहिजे असे नाही, याचा हा चांगला दाखला.

पाईनची खरी अडचण कायद्यात होती. बदललेला पाईन इतरांना वाटण्यापूर्वी विद्यापीठाची अनुमती घ्यावी लागे. मुक्त प्रोग्रामांचा आग्रह धरणाऱ्यांना हे पटेना. १९९९ साली ख्रिस ॲलेग्रेटा यांनी पिकोसारखाच दिसणारा, परंतु सर्वस्वी मुक्त एडिटर लिहावयास घेतला; पुढल्याच वर्षी त्याला 'नॅनो' हे नाव मिळाले. विद्यापीठानेही कालांतराने धोरण बदलले आणि २००७ साली पाईनचा वारस 'अल्पाईन' मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध केला.

लेखणी आणि टपाल यांच्या विभक्तपणाचे तत्त्व ज्याने शेवटास नेले तो प्रोग्राम म्हणजे १९९५ साली मायकेल एल्किन्स यांनी लिहिलेला 'मट'. पत्र लिहिण्यासाठी मट सहसा बाहेरच्या एडिटरलाच हाक मारतो. जगातील सारे टपाल-प्रोग्राम वाईट आहेत, हा त्यातल्या त्यात कमी वाईट, अशा अर्थाचे त्याचे बोधवाक्य. त्याच्या जुळणीच्या फाईलमध्ये वापरणारा आपले नाव आणि पत्ता लिहितो, टपाल कोठे साठते व कोणत्या यंत्रामार्फत बाहेर जाते हे सांगतो, स्वाक्षरीची फाईल दाखवितो, अक्षरांची सांकेतिक पद्धती नेमतो आणि एका ओळीत आपल्या एडिटरचे नाव देतो. पुष्कळांच्या फाईलमध्ये त्या ओळीवर 'विम' असतो, आणि पुढे एक सूचना असते, की ओळ बहात्तर अक्षरांवर मोडावी. या बहात्तर आकड्यालाही कूळ आहे. टर्मिनलचा पडदा ऐंशी अक्षरे रुंद, कारण १९२८ साली आयबीएमने काढलेल्या छिद्रांच्या कार्डात ऐंशी रकाने होते. पत्राचे उत्तर, उत्तराचे प्रत्युत्तर असे होत गेले की प्रत्येक वेळी ओळीआधी एक खूण वाढते. तिच्यासाठी समासात जागा राखणे ही दुसऱ्याविषयीची सभ्यता आहे. स्वाक्षरी चार ओळींपेक्षा मोठी नसावी, हाही त्याच शिष्टाचाराचा भाग.

विमचे कर्ते ब्राम मूलेनार हे हॉलंडचे. १९९१ साली त्यांनी व्हीआयच्या वळणाचा हा एडिटर प्रसिद्ध केला. तो फुकट देताना त्यांनी एकच विनंती केली. ज्याला तो उपयोगी वाटेल त्याने युगांडातील किबाले येथील निराधार मुलांसाठी काही द्यावे. तेथे ते स्वतः स्वयंसेवक म्हणून राहून आले होते. ३ ऑगस्ट २०२३ रोजी त्यांचे निधन झाले. विम उघडताच पहिल्या पडद्यावर त्या मुलांविषयीची ती विनंती कित्येक वर्षे दिसत आली आहे. कोरड्या म्हणविणाऱ्या या क्षेत्रातही असे पाझर आहेत.

आता हा सारा इतिहास आपल्या उंबऱ्याशी कसा येतो ते पाहू. १९८० नंतरच्या दशकात एर्नेट या योजनेद्वारा देशातील काही प्रमुख शिक्षणसंस्था जोडल्या जाऊ लागल्या, आणि १९८७च्या सुमारास मुंबईतील एनसीएसटी व पवईची आयआयटी यांच्यात टेलिफोनच्या तारेवरून टपाल जाऊ-येऊ लागले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्य नागरिकांसाठी इंटरनेट खुले केले. त्यातील स्वस्त प्रकार 'शेल' खात्याचा होता, म्हणजे चित्रांवाचूनचे केवळ अक्षरांचे टर्मिनल. त्या खात्यावर टपालासाठी अनेकांची गाठ पाईनशी पडे. परदेशी गेलेल्या मुलाचे पत्र पंधरा दिवसांऐवजी पंधरा मिनिटांत येऊ लागले. परंतु ते पत्र मराठी असले तरी त्याची लिपी रोमन होती.

असे का व्हावे? १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी टपालवाहतुकीचे जे नियम लिहिले, त्यांत अक्षर सात बिटांचे मानले होते. सात बिटांत १२८ संकेत मावतात. इंग्रजी अक्षरे, आकडे आणि विरामचिन्हे यांतच ते संपतात. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' ही पद्धती १९९१ साली राष्ट्रीय मानक झाली, आणि पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट तंत्राद्वारा संगणकाच्या पडद्यावर देवनागरी आणूनही दाखविली. पण इस्कीची अक्षरे आठव्या बिटावर उभी होती. सात बिटांच्या वाटेने धाडलेल्या पत्रातील तो आठवा बिट वाटेत गळून पडला, की पलीकडे पोचे तो निरर्थक चिन्हांचा ढीग. तेव्हा लोक रोमनकडे वळले. त्या लिपीत के, ए आणि एल् ही तीन अक्षरे लिहिली तर तो 'काल' की 'काळ', 'कळ' की 'कल', हे वाचणाऱ्याने संदर्भावरून ओळखावे. आईच्या पत्रातील 'कळ' ही 'काल' म्हणून वाचली गेली तर निरोपाचा अर्थच बदलतो.

मराठीवर हा प्रसंग पहिल्यांदाच आला होता असे नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले ते रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे तेथे नव्हते. येथील भाषेतच नव्हे तर येथील लिपीतही ग्रंथ छापले जावेत, ही आपली जुनी इच्छा स्टीफन्स यांनी १६०८ साली रोमला पाठविलेल्या पत्रात नमूद करून ठेवली आहे. त्यांनी निदान मराठी उच्चारांसाठी रोमन अक्षरांची एक पद्धतशीर योजना तरी पाळली. १९९५ सालच्या पत्रलेखकांपाशी तीही नव्हती. जवळपास चार शतकांच्या अंतराने तीच अडचण, तोच तोडगा. यंत्र ज्याच्या लिपीचे, त्याच्या लिपीत इतरांनी लिहावे!

सुटकेची साधने १९९२ साली निर्माण झाली. नेथॅनिएल बोरेनस्टाईन आणि नेड फ्रीड यांनी 'माईम' ही पद्धती सिद्ध केली. कोणत्याही लिपीचा मजकूर साध्या अक्षरांच्या वेष्टनात गुंडाळून सात बिटांच्या वाटेने सुखरूप नेता येऊ लागला. त्याच वर्षी केन थॉम्प्सन आणि रॉब पाईक यांनी 'यूटीएफ-८' ही लेखनपद्धती रचली. एकाक्षरी प्रश्नचिन्हाने उत्तर देणाऱ्या 'एड'चे कर्ते थॉम्प्सन आणि जगातील सर्व लिप्यांना एका पंक्तीस बसविणाऱ्या पद्धतीचे कर्ते थॉम्प्सन एकच, हा योगायोग मनोरंजक आहे. उदाहरणार्थ 'क्षितिज' हा शब्द घ्या. क, हलन्त, ष, ऱ्हस्व वेलांटी, त, पुन्हा वेलांटी आणि ज असे त्यात सात संकेत आहेत. यूटीएफ-८मध्ये प्रत्येक संकेताला तीन बाईट, म्हणजे एकूण एकवीस. माईमच्या वेष्टनात ते अठ्ठावीस साध्या अक्षरांचे होतात आणि पलीकडे पुन्हा 'क्षितिज' म्हणून उलगडतात. मात्र त्यासाठी टर्मिनल, एडिटर आणि टपालाचा प्रोग्राम या तिघांनी एकच पद्धती मानली पाहिजे. एकाचा जरी मेळ चुकला तरी पत्र बिघडते. जुळणीच्या फाईलमधील ती एक ओळ मराठी माणसासाठी अशी मोलाची आहे.

तथापि अडचण पुरती सरली असे म्हणता येणार नाही. टर्मिनलचा पडदा म्हणजे एकसारख्या चौकोनांचा पट. एका घरात एक अक्षर, ही त्याची मूळ कल्पना. देवनागरी त्या पटावर सहज बसत नाही. ऱ्हस्व वेलांटी स्मरणात व्यंजनानंतर साठविली जाते, पण दिसावी लागते व्यंजनाच्या आधी. जोडाक्षर किती घरे व्यापते यावर टर्मिनल आणि एडिटर यांचे एकमत होत नाही, आणि मग खूण एकीकडे दिसते व अक्षर दुसरीकडे उमटते. काही टर्मिनलांनी यात चांगली प्रगती केली आहे, काहींत वेलांट्या अजून भरकटतात. ज्यांना मराठीत लिहावयाचे आहे ते म्हणून टपालाचा प्रोग्राम टर्मिनलमध्ये ठेवूनही त्याच्या जुळणीत स्वतंत्र खिडकीत उघडणाऱ्या एडिटरचे नाव घालू शकतात. लेखणी बदलते, टपाल तेच राहते. शोन्स यांनी १९७८ साली ठेवलेले हे दार १९९५ची अडचण ओलांडण्यासही उपयोगी पडते.

या दाराचे सर्वांत मोठे महत्त्व ज्यांच्या चरित्रात दिसते ते टी. व्ही. रामन. त्यांचे बालपण व पदवीपर्यंतचे शिक्षण पुण्यात झाले, पुढे ते मुंबईच्या आयआयटीत शिकले आणि नंतर कॉर्नेल विद्यापीठात गेले. चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली होती. १९९५ साली त्यांनी ईमॅक्सला वाणी दिली. त्यांच्या प्रोग्रामचे नाव 'ईमॅकस्पीक'. पडद्यावरील अक्षरे जशीच्या तशी वाचून दाखविणे एवढेच त्याचे काम नाही. पत्रातील मथळा कोणता, उद्धृत ओळ कोणती, हे जाणून तो आवाजात फरक करतो. ईमॅक्सची जुळणी हा प्रोग्रामच असल्याने रामन यांना मूळ एडिटरचे एक अक्षरही न बदलता हे साधता आले. आपल्या गरजेप्रमाणे लेखणी वळविण्याचा हक्क ज्याला हौस वाटतो, त्याने हे उदाहरण आठवावे. एकाची हौस ती दुसऱ्याची दृष्टी असू शकते.

१९९६ साली हॉटमेल आणि २००४ साली जीमेल आल्यावर बहुतेक लोकांनी टर्मिनलचा निरोप घेतला, आणि त्यांना दोष देण्याचे कारण नाही. सोय ही खरी गोष्ट आहे. तरी लिनक्सच्या गाभ्यावर काम करणारे प्रोग्रामर अजूनही दुरुस्त्या साध्या टपालाने पाठवितात आणि कोणत्या टपाल-प्रोग्रामची जुळणी कशी करावी याचे एक प्रकरणच त्यांच्या अधिकृत मार्गदर्शिकेत आहे. त्यांच्या दृष्टीने एक रिकामी जागा नाहीशी झाली तरी दुरुस्ती निरुपयोगी ठरते. पत्र जसे लिहिले तसेच पोचले पाहिजे, ही त्यांची अट आपल्या जुन्या जासुदालाही समजली असती.

दरम्यान वाटा अरुंद होत आहेत. २०२२ साली गूगलने साध्या पासवर्डाने बाहेरच्या प्रोग्रामांना टपाल देणे बंद केले. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनेही संस्थांसाठी चालविलेल्या आपल्या टपालसेवेत तेच पाऊल उचलले. त्यामागील सुरक्षेचे कारण खरे आहे, आणि मट किंवा अल्पाईन वापरणाऱ्यांना अधिक खटपटीची पण चालणारी दुसरी वाट उपलब्ध आहे. परंतु आठ ओळींची जुळणी आता वीस ओळींची झाली आहे, आणि प्रत्येक वाढलेली ओळ काहींना परत फिरविते. कोणतेही दार कायद्याने बंद होण्यापूर्वी ते गैरसोयीने बंद होत असते.

म्हणून टर्मिनलवर लिहावे की न लिहावे, हा या इतिहासाचा प्रश्न नव्हे. ज्याला चौकट सोयीची वाटते त्याने चौकटीत लिहावे. मात्र ज्याला निराळ्या लिपीत, निराळ्या सवयीने, किंवा डोळ्यांऐवजी कानांनी लिहावयाचे आहे, त्याच्यासाठी स्वतःच्या लेखणीचे नाव लिहिण्याची ती एक ओळ मोकळी राहिली पाहिजे. टपाल कोणाचेही असो. लेखणी ज्याची त्याची असावी.